‘येस मॅम’ म्हणालो आणि फसलो!

गेल्या वर्षीची गोष्ट. इंटर्नशिपसाठी ऑनलाइन मुलाखत होती. वर इस्त्रीचा शर्ट, खाली घरातली बर्म्युडा, आईला मिक्सर लावू नकोस अशी ताकीद दिलेली. सगळं सेट! मॅडमनी सुरुवातीलाच विचारलं, ‘डू यू माइंड इफ आय रेकॉर्ड धिस?’ मी उत्साहात म्हणालो, ‘येस मॅम, येस!’ मॅडम क्षणभर थांबल्या. ‘ओके, आय वोन्ट,’ म्हणाल्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. रात्री हे मित्राला सांगितलं तर तो हसून हसून लोळायचाच बाकी राहिला. ‘अरे, त्यांनी विचारलं, तुझी हरकत आहे का? आणि तू सांगितलंस, हो, आहे, आहे!’ रेकॉर्डिंग त्यांच्या साहेबांना दाखवायचं होतं. ते झालंच नाही, म्हणून साहेबांसमोर मला पुन्हा पहिल्यापासून मुलाखत द्यावी लागली.

तुम्हीही हसत असाल. पण खरं सांगा, परवानगीचं इंग्रजी आपण शिकलो कधी? पहिलीत ‘मे आय कम इन, टीचर?’ पाठ केलं, तेही एक पाय वर्गात टाकून झाल्यावर म्हणायचं. मग आठवी-नववीत रजेचा अर्ज आला, ‘आय बेग टू स्टेट दॅट...’ ताप आपल्याला आलेला आणि वर भीकही आपणच मागायची! एवढ्यावर आपलं शिक्षण संपलं. यात परवानगी मागणारा कायम लहान आणि देणारा कायम मोठा. आपण कधी देणाऱ्याच्या जागी असू, आपल्यालाही कुणाला ‘नाही’ म्हणावं लागेल, हे कुणी गृहीतच धरलं नाही.

मराठीत मात्र आपण यात पटाईत असतो. ‘इथं बसू का?’, ‘जरा पेन देतोस का?’, ‘चार्जर घेऊ ना?’ यात ‘कृपया’ कुठंय? तो शब्द आपल्याला भेटतो तो रेल्वेच्या घोषणांत आणि सरकारी पाट्यांवर. आपली नम्रता क्रियापदाच्या शेपटीत असते, ‘जरा’ आणि ‘ना’मध्ये असते. इंग्रजीत शिरताना ही शेपटी गळून पडते. उरतं ‘गिव्ह मी युवर पेन’. मग आपण त्याला पुढून ‘प्लीज’ चिकटवतो आणि समजतो, झालो सभ्य. पण ‘प्लीज गिव्ह मी’ हा हुकूमच राहतो, फक्त गोड केलेला. इंग्रजीतली नम्रता ‘प्लीज’पेक्षा जास्त प्रश्नात असते. ‘कॅन आय बॉरो युवर पेन?’ मित्राला चालतं, ‘कुड आय’ थोडं अदबीचं, ‘मे आय’ औपचारिक. आता यातली गंमत बघा. विचारताना ‘कुड आय सिट हिअर?’ म्हणायचं, पण उत्तर ‘येस, यू कुड’ असं द्यायचं नाही. ‘येस, यू कॅन’ किंवा नुसतं ‘शुअर, गो अहेड’. आदब विचारणाऱ्यानं दाखवायची, देणाऱ्यानं मोकळेपणानं देऊन टाकायचं.

आणि ‘डू यू माइंड’ला ‘नो, नॉट ॲट ऑल’ म्हटलं की परवानगी मिळते, हे विचित्र वाटतं ना? मग आपल्याकडे पाहुणे दारात उभे राहून ‘येऊ का?’ विचारतात, आपण ‘या’ म्हणतो आणि ते निघून जातात, हे एखाद्या अमराठी मित्राला समजावून बघा!

खरी गोची नकाराची आहे. मराठीत आपण ‘नाही’ म्हणतच नाही. ‘बघू’, ‘जमलं तर’, ‘प्रयत्न करतो’ म्हणतो आणि समोरच्याला बरोबर कळतं की हा काही येत नाही. हेच आपण इंग्रजीत ‘आय विल ट्राय’ म्हणून नेतो. प्रोजेक्टच्या ग्रुपमधली चेन्नईची मुलगी तो शब्द खरा धरते, आपल्या स्लाइड्सची वाट बघत रात्री जागते. आपल्या लेखी आपण नम्रपणे नकार दिलेला असतो. तिच्या लेखी आपण शब्द मोडलेला असतो. याचं दुसरं टोक म्हणजे घाबरून एकदम ‘नो, आय कान्ट’. तेही दगड मारल्यासारखं.

‘आय ॲम अफ्रेड आय कान्ट’ यात भीतीचा काही संबंध नाही, ती फक्त उशी आहे. तिच्यामागे एक खरं, छोटंसं कारण आणि जमत असेल तर दुसरा दिवस. ‘आय नीड माय लॅपटॉप टुनाइट, बट यू कॅन हॅव इट ऑन संडे.’ बास! आजीचं आजारपण, गावाकडचं लग्न वगैरे आणायची गरज नाही. कारणं लांबली की नकार खोटा वाटायला लागतो. ‘यू मे नॉट’ मात्र टाळाच. ते नियमावलीत शोभतं, मित्राला म्हटलं तर आपणच हेडमास्तर वाटतो.

मला स्वतःला सगळ्यात उपयोगी पडलेलं वाक्य वेगळंच आहे, ‘आयड रादर यू डिडन्ट’. फेस्टच्या रात्री कुणी आपला फोटो काढतं आणि विचारतं, ‘डू यू माइंड इफ आय पोस्ट धिस?’ आपल्याला तो नको असतो. तरी आपण ओशाळं हसतो आणि गप्प बसतो. त्या हसण्याला ‘हो’ समजून फोटो स्टोरीवर जातो, मग मावशीपर्यंत पोचतो. तेव्हा हे वाक्य म्हणा. त्यात भांडण नाही, माफीही नाही. तुम्ही विचारणारे असाल, तर समोरच्याच्या ओशाळ्या हसण्याला परवानगी समजू नका, पुन्हा एकदा विचारा. आणि नकार आला की ‘व्हाय? इट्स सो क्यूट!’ सुरू करू नका. ‘नो प्रॉब्लेम’ म्हणा आणि फोटो तिच्यासमोरच डिलीट करा.

आणि हो, ती इंटर्नशिप मिळाली. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी विचारलं, ‘वुड यू माइंड कमिंग इन ऑन सॅटर्डे?’ या वेळी मी उत्तर द्यायला पूर्ण तीन सेकंद घेतले.