ट्रॅक्टरांची शाळा

शाळेच्या नावात ‘पब्लिक स्कूल’ दिसले की आपल्याकडचे पालक आधी खिसा चाचपतात. अमेरिकेत नेमके उलटे आहे. तिथे पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी शाळा. ती करांच्या पैशांवर चालते, तिला फी नसते आणि साधारणपणे ज्या भागात तुम्ही राहता त्याच भागातल्या शाळेत मूल जाते. त्यामुळे वस्ती बदलली की शाळेची पटसंख्या नव्हे, तर पटावरची नावे बदलतात. मिशिगन राज्यात डेट्रॉईट शहराला लागून डिअरबॉर्न नावाचे उपनगर आहे. तिथल्या फोर्डसन हायस्कूलमध्ये हेच झाले. आज तिथली बहुतेक मुलेमुली अरब मुस्लिम घरांतली आहेत. मात्र ती मुस्लिम शाळा नाही, कधी नव्हती. वाचकहो, मला या शाळेचे कौतुक वाटते ते त्यामुळेच.

आधी नावाची गंमत. मोटारवाले हेन्री फोर्ड यांनी मुलाला भागीदार करून ट्रॅक्टरची कंपनी काढली. ‘सन’ म्हणजे मुलगा, म्हणून ट्रॅक्टरचे नाव पडले ‘फोर्डसन’. 1917 पासून हे ट्रॅक्टर बाजारात आले. त्याच सुमारास रूज नदीच्या काठी फोर्डचा अवाढव्य कारखाना उभा राहू लागला. ज्या वस्तीच्या हद्दीत तो होता तिचे मूळ नाव स्प्रिंगवेल्स. 1925 मध्ये तिनेही ‘फोर्डसन’ हे नाव घेतले. पुढे चारेक वर्षांतच ती डिअरबॉर्नमध्ये विलीन झाली. गावाचे नाव पुसले गेले, शाळेने मात्र ते आजवर सांभाळले.

1928 साली शाळेची इमारत उभी राहिली. वीस लाख डॉलरहून अधिक खर्च झाला. त्या काळी सरकारी शाळेवर इतका पैसा ओतणे हे नवलच होते. जुन्या इंग्लंडातल्या विद्यापीठासारखे दगडी बांधकाम, मधोमध बुरूज. मजुरांच्या पोरांसाठी असा वाडा! खेळाच्या संघाला नाव मिळाले ‘ट्रॅक्टर्स’. इतर शाळांचे संघ वाघ, सिंह, गरुड. हे मात्र ट्रॅक्टर. मला तरी हे नाव वाघ-सिंहांपेक्षा खरे वाटते.

कारखान्याने माणसे ओढली. सुरुवातीला पोलिश, इटालियन आणि त्यांच्याबरोबरच लेबनॉन, सीरिया, येमेनहून आलेले लोक. पुढे लेबनॉनचे यादवी युद्ध, इराकमधली होरपळ, यांतून आणखी कुटुंबे आली. स्वागत गोड नव्हते. 1942 ते 1978 अशी छत्तीस वर्षे डिअरबॉर्नचे महापौर असलेले ऑर्व्हिल हबर्ड काळ्या लोकांना गावाबाहेर ठेवण्याची भाषा उघड करत. 1985 च्या निवडणुकीत मायकेल गिडो यांच्या प्रचारपत्रकात ‘अरब समस्या’ असा मथळा होता, आणि ते निवडूनही आले. ज्यांना समस्या म्हटले गेले त्यांची मुले तेव्हा याच गावच्या शाळांत बसत होती.

त्या मुलांनी शाळेचे काय केले? नाव बदला म्हटले नाही. ट्रॅक्टर तसाच ठेवला, संघ तसाच ठेवला, आणि अमेरिकन फुटबॉलचे वेडही जसेच्या तसे उचलले. हा फुटबॉल आपल्या फुटबॉलसारखा नाही. लांबोडका चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, आणि अंगावर धावून जाणे हाच खेळ. गावातल्याच डिअरबॉर्न हायस्कूलशी फोर्डसनची जुनी चुरस आहे. ती शाळा खात्यापित्या पश्चिम भागातली, ही कामगारांच्या पूर्व भागातली. त्यामुळे त्या सामन्याला नुसत्या खेळापेक्षा जास्त धार असते.

या खेळाचा सराव ऑगस्टमध्ये सुरू होतो. 2010 साली रमजानही ऑगस्टमध्ये आला. मिशिगनमध्ये त्या दिवसांत रोजा पंधरा तासांहून मोठा. सूर्य मावळायला साडेआठ होतात. भर उन्हात शिरस्त्राण घालून, पाण्याचा थेंब न घेता सराव म्हणजे जिवाशी खेळ. प्रशिक्षक फौआद जाबान यांनी साधा मार्ग काढला: सरावच रात्री. इफ्तार, तरावीह आटोपून अकराच्या सुमारास पोरे मैदानावर यायची, पहाटेपर्यंत खेळायची, मग घरी जाऊन सहरी. तहान लागली की पाणी हाताशी.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. अमेरिकेच्या कायद्याने सरकारी शाळा कोणत्याही धर्माचा प्रचार करू शकत नाही. रोजा ठेव असे शिक्षक सांगू शकत नाही, सोड असेही नाही. फोर्डसनने धर्म शिकवला नाही. फक्त घड्याळ हलवले. डिअरबॉर्नच्या सरकारी शाळांना ईदची सुट्टी असते, हलाल जेवणाची सोय असते. बाकी गणित तेच, नियम तेच, आणि ख्रिस्ती मुलालाही बाक तोच. हिजाब घालणाऱ्या मुली तिथे आहेत, न घालणाऱ्याही आहेत.

रशीद गाझी यांनी या संघावर ‘फोर्डसन: फेथ, फास्टिंग, फुटबॉल’ हा माहितीपट केला, तो 2011 मध्ये आला. रमजानचे शेवटचे दहा दिवस आणि समोर डिअरबॉर्न हायस्कूलचा सामना, एवढीच त्याची कथा. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर ज्या मुलांकडे संशयाने पाहिले गेले, ती त्यात आपापसात भांडतात, आईचा ओरडा खातात, हरण्याला घाबरतात. घरच्यांबरोबर बघण्यासारखा आहे.

अलीकडच्या वर्षांत आपल्याकडे रमजान दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत आला. घराघरांत चर्चा झाली: रोजा की अभ्यास? पोराला कुठल्या शाळेत घालावे, आपल्या की सगळ्यांच्या, ही चर्चा तर बारमाही. फोर्डसनच्या पालकांपुढेही खासगी इस्लामी शाळांचा पर्याय होता आणि काहींनी तो घेतलाही. ज्यांनी सरकारी शाळा धरली, त्यांनी तिथे मागितले फारच थोडे, आणि जे मागितले ते बहुतेक वेळेचे होते. असे मागणे मुख्याध्यापकांसमोर ठेवायला अवघड नसते. एकट्या पालकाने जाण्यापेक्षा पाचदहा आयांनी मिळून जावे, एवढेच.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. फुटबॉलच्या मोसमात तो पुन्हा पोहोचेल 2030 नंतर, आणि ऑगस्टमध्ये यायला तर 2040 उलटेल. 2010 सालची ती पोरे तोवर चाळिशी-पन्नाशीची झालेली असतील.