जुने विमान घेताना

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत जुना लेथ घ्यायला गेलेला कारखानदार रंगावर भाळत नाही. रंग ताजा दिसला की उलट त्याला शंका येते. तो चकजवळच्या बेडवर बोट फिरवतो, कारण बहुतेक काम तिथेच होते आणि बेड आधी झिजतो तोही तिथेच. मग डायल लावून स्पिंडल पाहतो, हेडस्टॉकचा आवाज ऐकतो आणि त्यानंतरच पैशांचे बोलणे काढतो. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात कितीतरी छोटे कारखाने अशाच जुन्या यंत्रांवर उभे राहिले. जुने म्हणजे वाईट असे इथे कोणी मानत नाही. न पाहता घेतलेले मात्र वाईट, हे सर्वांना ठाऊक आहे.

हाच व्यवहार लेथऐवजी छोट्या विमानाचा असेल तर? हा प्रश्न चार हौशी श्रीमंतांपुरता आहे, असे मला वाटत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची खरेदी जाहीर केली, त्याच वर्षी जूनमध्ये इंडिगोने ५०० विमानांची. एवढ्या विमानांना वैमानिक लागणार आणि वैमानिक घडतो तो दोन-चार आसनांच्या छोट्या विमानावर. त्यातले सर्वांत परिचित नाव सेसना १७२. ते पहिल्यांदा उडाले १९५५ साली; १९८६ पासून दहा वर्षे त्याचे उत्पादन बंद होते. साहजिकच कित्येक दशके जुनी विमाने बाजारात फिरतात. वय हा त्यांचा दोष नव्हे.

मग पाहायचे काय? पहिली तपासणी कागदांची. विमानाचा सांगाडा, इंजिन आणि पंखा यांच्या नोंदवह्या ठेवलेल्या असतात. किती तास उड्डाण झाले, कोणता भाग कधी बदलला, उत्पादकाच्या देशाने सक्तीच्या केलेल्या दुरुस्त्या झाल्या की नाही, हे सारे त्यात असते. मधली काही वर्षे वहीतून गायब असतील, तर विमान कितीही चकचकीत असले तरी हात आखडता घ्यावा. धावपट्टीवर आपटलेले चाक किंवा वाकलेला पंखा अशाच गाळलेल्या पानांत लपतो.

दुसरी तपासणी इंजिनाची. या वर्गातल्या अनेक इंजिनांना साधारण २,००० तासांनी संपूर्ण उघडून नवे करावे, असे उत्पादक सांगतात. जाणकार अभियंता प्रत्येक सिलिंडरमध्ये ८० पौंड दाबाची हवा सोडून किती टिकते ते पाहतो, बारीक कॅमेरा आत घालून झडपा न्याहाळतो, तेलाची गाळणी कापून तिच्यात धातूचा कीस सापडतो का ते तपासतो. इथे एक गोष्ट सामान्य समजुतीच्या उलट आहे. कमी वापरलेले इंजिन चांगलेच असणार, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या इंजिनावरचा तेलाचा थर ओसरतो आणि कॅमशाफ्टला गंज धरतो. रोज उडणारे, जास्त तास झालेले इंजिन त्याहून निरोगी असू शकते. दमट हवेच्या आपल्या किनारपट्टीवर तर हे विसरूनच चालणार नाही.

तिसरा मुद्दा तपासणाऱ्याचा. सरकारचे उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र आवश्यकच आहे, पण विमान नियमात बसते एवढेच ते सांगते. सहा महिन्यांनी किती खर्च अंगावर येईल, हे त्यात लिहिलेले नसते. त्यासाठी अभियंता खरेदीदाराने निवडलेला आणि खरेदीदारानेच पैसे दिलेला हवा. वर्षानुवर्षे त्याच विमानाची देखभाल करणारा माणूस स्वतःच्याच कामात चूक दाखवील, ही अपेक्षा मनुष्यस्वभावाला धरून नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असे वाटणाऱ्याने २८ जून २०१८ चा दिवस आठवावा. त्या दुपारी मुंबईत घाटकोपरच्या सर्वोदयनगरात बीचक्राफ्ट किंग एअर सी-९० जातीचे छोटे विमान कोसळले. ते एके काळी उत्तर प्रदेश सरकारचे होते. २०१४ साली ते विकले गेले होते. बराच काळ जमिनीवर राहून दुरुस्त झालेले हे विमान जुहूहून चाचणीसाठी उडाले होते. विमानातले दोन वैमानिक आणि दोन तंत्रज्ञ गेले. रस्त्यावरचा एक पादचारीही गेला. अशा अपघाताचे खापर एकाच गोष्टीवर फोडता येत नाही. त्या दिवशीची पावसाळी हवा, वैमानिकांचे निर्णय, विमानाची स्थिती, सगळ्यांचाच विचार करावा लागतो. पण त्या पादचाऱ्याचा या सौद्याशी काय संबंध होता? लेथ खराब निघाला तर मालकाचे पैसे बुडतात. विमानाच्या बाबतीत खाली राहणारी वस्तीही व्यवहारात न विचारता ओढली जाते.

१९३४ च्या विमान कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे. कायदा नवा झाला, आता व्यवहाराची रीतही बदलावी. माझ्या मते जुन्या विमानाची मालकी बदलताना स्वतंत्र अभियंत्याचा अहवाल सक्तीचा करावा आणि तो नोंदवहीबरोबर पुढच्या प्रत्येक मालकाकडे जावा. आज सौदा फिसकटला की असा अहवाल बहुधा खरेदीदाराच्या कपाटात पडून राहतो आणि तेच विमान दुसऱ्या अनभिज्ञ माणसापुढे उभे केले जाते.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. मुलाला किंवा मुलीला वैमानिक करण्यासाठी घर गहाण टाकणारे पालक आता मध्यमवर्गातही आहेत. ते फी विचारतात, वसतिगृह पाहतात, नोकरीची हमी मागतात. त्यांनी आणखी तीन प्रश्न विचारावेत: विमान किती वर्षांचे, इंजिनाचे किती तास झाले आणि देखभाल कोण करते? भोसरीतला कारखानदार लेथसाठी एवढे विचारतोच. ज्या यंत्रात आपले मूल बसणार आहे, त्याच्यासाठी विचारताना संकोच कशाला?