गुडघा बदलला तर उपचार, आणि हे केलं तर चैन?

आजचा विषय काहींना अवघड वाटेल. चारचौघात आपण हा बोलत नाही. पण घरात चाळिशीपुढचा शुगरचा पेशंट असेल, कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं कुणी असेल किंवा सिकलसेलचा तरुण पोरगा असेल, तर कृपया शेवटपर्यंत वाचा.

आजारामुळे पुरुषाच्या लिंगाला ताठरता येईनाशी होते. डॉक्टर त्याला इरेक्टाइल डिस्फंक्शन म्हणतात, आपण गावात जे म्हणतो ते इथं लिहीत नाही. आधी गोळ्या, मग इंजेक्शन, पंप, असं सगळं करूनही फरक पडला नाही तर शेवटचा मार्ग म्हणजे ऑपरेशन करून आत इम्प्लांट बसवणं. या ऑपरेशनचा क्लेम टाकला की बहुतेक विमा कंपन्या हात वर करतात. कुणी म्हणतं हे सौंदर्यासाठी आहे, कुणी म्हणतं वंध्यत्वाचा उपचार आहे, कुणी म्हणतं ही चैनीची गोष्ट आहे.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. हा नकार वैद्यकीय नाही. माणूस लाजेपायी भांडणार नाही, हे गृहीत धरून दिलेला हा नकार आहे.

आमच्याच जिल्ह्यातल्या एका गृहस्थांनी मला कागद दाखवले. वय पन्नाशीच्या आत, पंधरा वर्षांपासून शुगर. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासण्या करून, रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी करून इम्प्लांट सुचवला. पॉलिसीचा हप्ता एकही चुकलेला नाही. कंपनीचं उत्तर दोन ओळींचं: उपचार सौंदर्यवर्धक स्वरूपाचा असल्याने दावा नामंजूर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ते लिहिलं की माणूसही ओळखू येईल. मी म्हटलं, तक्रार करू. ते म्हणाले, "भाऊ, पैशे गेले तं गेले. पण तक्रारीत कारण लिहा लागते ना? ते कोणाले कोणाले वाचू देऊ?"

या एका वाक्यावर कंपनीची फाइल बंद होते.

आता हा आजार काय आहे ते पाहू. लिंगात रक्त भरलं की ताठरता येते. त्यासाठी रक्तवाहिन्या आणि नसा दोन्ही धड लागतात. शुगर दोन्ही खराब करते. प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन करताना शेजारच्या नसा दुखावू शकतात. महामार्गावर ट्रकने उडवलं, मोहाच्या झाडावरून पडून मणका मोडला, तर मेंदूचा निरोप खाली पोचत नाही. यात चारित्र्याचा, मर्दानगीचा, तरुणपणी काय केलं याचा काडीचाही संबंध नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात ४० ते ७० वयाच्या पुरुषांचा मोठा अभ्यास झाला, तो १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५२ टक्के पुरुषांना कमीअधिक प्रमाणात हा त्रास होता.

आणि आपल्या भागाचं वेगळं दुखणं आहे सिकलसेल. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, नागपूर हा पूर्व विदर्भाचा पट्टा या आजाराचा. या आजारात विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी लिंगात अडकतात आणि तासन् तास न उतरणारी, भयंकर दुखणारी ताठरता येते. चार तासांच्या वर गेली तर ती इमर्जन्सी असते. पोरगा लाजेनं घरात सांगत नाही, रात्र काढतो. असं वारंवार झालं की आतला भाग कडक होऊन निकामी होतो, आणि मग त्या विशी-पंचविशीच्या पोराला गोळ्यांचाही उपयोग होत नाही. सिकलसेलला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान आहे. २०२३ पासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. त्याच आजारानं निकामी केलेला अवयव दुरुस्त करायला गेलं, की ती चैन कशी होते?

आता कागदावर या. विमा क्षेत्राची नियामक संस्था आयआरडीएआयने २०१९ मध्ये काय वगळता येईल याची प्रमाणित कलमं ठरवून दिली. एक ते अठरा असे त्यांचे क्रमांक आहेत. त्या अठरा कलमांत इरेक्टाइल डिस्फंक्शनचं नाव नाही. म्हणून कंपन्या आजूबाजूची कलमं ओढून आणतात.

आठव्या क्रमांकाचं कलम कॉस्मेटिक सर्जरीचं. ते रूप बदलण्यासाठी केलेल्या उपचाराबद्दल आहे. इम्प्लांट शरीराच्या आत बसतो, बाहेरून कुणाला दिसत नाही. यात कोणाचं कोणतं रूप खुललं?

सतराव्या क्रमांकाचं कलम वंध्यत्वाचं. त्यात गर्भनिरोधन, नसबंदी, आयव्हीएफ, सरोगसी अशा गोष्टी येतात. मूल न होणं आणि ताठरता न येणं हे दोन वेगळे आजार आहेत. ताठरता नसलेल्या माणसाचे शुक्राणू उत्तम असू शकतात. दोन-तीन लेकरांचा बाप असलेल्या माणसाला वंध्यत्वाचं कलम लावणं म्हणजे फाइल न वाचताच शिक्का मारणं.

सोळावं कलम सिद्ध न झालेल्या उपचारांचं. फुगवता येणारा इम्प्लांट ह्यूस्टनच्या डॉ. ब्रँटली स्कॉट यांनी १९७३ मध्ये जगापुढे आणला. पन्नास वर्षं उलटली. आपल्या मुंबईचे डॉ. रूपिन शाह यांच्या नावाने ओळखला जाणारा कमी खर्चाचा देशी इम्प्लांटही आहे. अजून काय सिद्ध करायचं राहिलं?

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. काही पॉलिसींत कंपनीने आपलं जादा कलम टाकून लैंगिक दुर्बलतेचे उपचार नाव घेऊन वगळलेले असतात. तिथं कायद्याची लढाई अवघड आहे. तिथं भांडण त्या कलमाशीच करावं लागेल. पण कलम बदलत नाही असं समजू नका. मानसिक आजारांनाही कंपन्या वर्षानुवर्षं दारात उभं करत नव्हत्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने शारीरिक आजारासारखाच त्यांचाही विमा द्यायला लावला. तेव्हाही कंपन्या हेच म्हणत होत्या की परवडणार नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, या आजाराने जीव जात नाही. बरोबर. मोतीबिंदूनेही जात नाही, गुडघा झिजल्यानेही जात नाही. तरी दोन्ही ऑपरेशनं विम्यात बसतात, कारण माणसाला नीट जगता यावं हेही उपचारांचं काम आहे. शिवाय लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, म्हणून तिथला अडथळा अनेकदा हृदयविकाराच्या आधी दिसतो. लाजेनं डॉक्टरकडे न गेलेला माणूस पुढं अटॅक घेऊन जातो, तेव्हा तोच विमा मोठं बिल भरतो.

दुसरा आक्षेप, सगळ्यांचा हप्ता वाढेल. हा उपचार पहिल्या दिवशी कुणी करत नाही. सगळं थकल्यावर, स्वतःच्या शरीरावर सुरी चालवून घ्यायला तयार झालेल्या मोजक्या माणसांचा हा उपचार आहे. अमेरिकेची सरकारी विमा योजना मेडिकेअर यासाठीच्या गोळ्यांचे पैसे देत नाही, पण वैद्यकीय गरज असेल तर इम्प्लांटचं ऑपरेशन मान्य करते. त्याच देशात १९९८ च्या कायद्यानुसार, स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनचा विमा असेल तर स्तन पुन्हा घडवण्याचा खर्चही द्यावा लागतो. आजाराने नेलेलं परत देणं हा उपचाराचाच भाग आहे, एवढंच त्यामागचं तत्त्व.

आपल्या कायद्याचं बघा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ मध्ये, नपुंसकत्वामुळे वैवाहिक संबंध झाले नसतील तर लग्न रद्द ठरवता येतं. म्हणजे कोर्टाच्या लेखी ही बाब एवढी गंभीर की लग्न मोडू शकतं, आणि कंपनीच्या लेखी ती हौस! शिवाय हे दुखणं एकट्या पुरुषाचं नसतं. घरातली बाई ते त्याच्याइतकंच सोसते, वर तिलाच टोमणे ऐकावे लागतात. तिचं नाव तर कोणत्याच क्लेम फॉर्मवर नसतं.

आणि दवाखान्याचा रस्ता बंद झाला की माणूस कुठं जातो? बसस्टँडच्या मागच्या भिंती वाचा. रस्त्याच्या कडेला तंबू टाकून बसलेले, बाटल्यांत मुळ्या ठेवलेले "खानदानी वैद्य" बघा. लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी भिंती रंगतात, कारण गिऱ्हाईक आहे. खरा उपचार नाकारणारी प्रत्येक चिठ्ठी त्या तंबूला एक गिऱ्हाईक पाठवते.

म्हणून ज्यांच्या हातात असं नकाराचं पत्र आहे त्यांनी एवढं करावं.

१. कंपनीकडून लेखी कारण मागा, पॉलिसीतल्या नेमक्या कलमासह. २०२४ च्या आयआरडीएआय परिपत्रकानुसार ते देणं बंधनकारक आहे. आणि कंपनीच्या समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारताच येत नाही. ती मंजुरी घेतली का, हेही विचारा.

२. डॉक्टरांकडून पत्र घ्या. मूळ आजार कोणता, आधी कोणते उपचार झाले, ते का चालले नाहीत आणि ऑपरेशन वैद्यकीयदृष्ट्या का गरजेचं, हे त्यात स्पष्ट हवं.

३. शुगर आधीपासून होती म्हणून अडवत असतील, तर तारखा मोजा. आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली असेल, तर सिद्ध झालेली फसवणूक सोडून, माहिती लपवली या कारणावर क्लेम नाकारता येत नाही.

४. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा. आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वरही तक्रार होते. महिनाभरात समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. आपल्याला पुण्याचं कार्यालय लागतं, पण अर्ज ऑनलाइन करता येतो. फी नाही, वकील लागत नाही. नकारापासून एक वर्षाची मुदत आहे, ती घालवू नका.

५. ग्राहक आयोग आपल्या भंडाऱ्यातच आहे. तिथं मुदत दोन वर्षांची. पॉलिसीतलं कलम संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ कंपनीच्या विरोधात, ग्राहकाच्या बाजूने लावायचा, हे तत्त्व सुप्रीम कोर्टाने अनेकदा मान्य केलेलं आहे.

आयआरडीएआयकडे माझी मागणी एकच आहे. शुगर, कॅन्सर, सिकलसेल, मणक्याची इजा अशा आजारांतून आलेला हा त्रास वगळायची मुभा कंपन्यांकडून काढून घ्या. आपल्या खासदार-आमदारांनाही सांगणं आहे, सिकलसेलच्या कार्यक्रमात फीत कापता, फोटो काढता, तर त्या पोरांच्या या दुखण्यावरही कधी दोन शब्द बोला.

कमेंटमध्ये कुणाचं नाव टाकू नका, कुणाची टिंगल करू नका. टिंगल दिसली तर डिलीट करणार. ज्यांच्याकडे नकाराचं पत्र आहे त्यांनी नाव-गाव झाकून मला इनबॉक्समध्ये पाठवा. दहा पत्रं जमली तर दहा जण मिळून लिहू, म्हणजे कुणा एकट्याला मान खाली घालावी लागणार नाही.