रंगाच्या आधीचं काम
लोटस एलान ही 1962 साली आलेली इंग्लिश स्पोर्ट्‌सकार. खाली पोलादी पत्र्याचा कणा, वर फायबरग्लासचं कवच. म्हणजे गंज धरेल तर कणा, अंग नाही. पण म्हणून तिला पुन्हा रंगवणं सोपं, अशा समजुतीनं कितीतरी देखण्या गाड्यांची वाट लागली आहे. पत्र्यावरचा जुना रंग उतरवणारं जहाल रसायन इथे चालत नाही. ते रंगाबरोबर खालचं रेझिनही मऊ करतं, छिद्रांत मुरून राहतं आणि पुढे नव्या रंगाला फोड आणतं. वाळूचा मारा तर वरचा जेलकोट, म्हणजे फायबरग्लासवरचा गुळगुळीत थरच, उडवतो. तेव्हा आधी पात्यानं हळूहळू खरवडायचं, मग ठोकळ्यावर गुंडाळलेला पॉलिश पेपर. खरा कस लागतो तो जेलकोटमधल्या भेगांपाशी. कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या त्या बारीक रेघांवर नुसती लांबी फासली की गाडी विकण्यापुरती झकास दिसते, आणि काही काळानं त्याच रेघा पुन्हा वर येतात. ही फसवणूकच आहे, असं माझं स्पष्ट मत. भेग घासून आतल्या काचतंतूंपर्यंत उघडावी लागते, तिथे रेझिनमध्ये भिजवलेली काचतंतूंची पातळ मॅट बसवावी लागते, गरज पडली तर मागच्या बाजूनंही. (मास्क हवाच, ही धूळ काचेची असते.) मग प्रायमर मारून गाडी काही आठवडे तशीच राहू द्यावी, म्हणजे जे आकसायचं ते रंगाआधीच आकसेल. इतका धीर नसलेल्या रंगाऱ्याच्या हाती मी एलान कधीच देणार नाही.