कर्र... कर्र... आणि गाडी गप्प!



डिसेंबर-जानेवारीत आमच्या नागपुरात पारा कधी कधी दहाच्याही खाली उतरतो. मग वस्तीत पहाटे पाचला एक आवाज सुरू होतो. कर्र... कर्र... आणि शांतता. हा आवाज आमच्या शेजारच्या एका बांधवाच्या जुन्या मारुती व्हॅनचा. पेट्रोलवर चालणारी, कार्बुरेटरची गाडी. पहाटे कॉटन मार्केटातून भाजी उचलून दुकानदारांकडे पोचवायची, यावर त्याचे घर चालते. उशीर झाला की भाडे दुसऱ्याला जाते.

गेल्या थंडीत मेकॅनिकने सांगितले, बॅटरी गेली. हप्त्याने नवी बॅटरी आली, त्यात मुलीच्या क्लासची फी थांबली. गाडी मात्र तशीच. मग कोणी म्हणाले, नजर लागली, आणि व्हॅनला लिंबू-मिरची लटकली! 1956 साली याच नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या रोज म्हणणाऱ्याच्या गाडीला लिंबू? आम्हाला राग आला, पण पोटाची काळजी माणसाकडून काय काय करवते हेही आम्ही जाणतो.

रविवारी पहाटेच आम्ही त्याच्या दारात उभे राहिलो. पहिले काम कान देण्याचे. सेल्फ मारल्यावर इंजिन कण्हत, हळूहळू फिरते का? तर करंट कमी पोचतो आहे. जोरात फिरते पण पेट घेत नाही? तर पेट्रोल किंवा ठिणगीत दोष आहे. त्याचे इंजिन नव्या बॅटरीवरही कण्हत होते. मीटर लावला, 12.6 व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरलेली. मग करंट जातो कुठे? बॅटरीकडून बॉडीला जाणारी अर्थिंगची वायर पाहिली. बोल्टखाली गंज! थंडीत इंजिनचे ऑइल घट्ट होते, बॅटरीचा जोरही कमी पडतो, म्हणून उन्हाळ्यात लपलेला हा दोष पहाटे उघडा पडतो. वायर सोडवून पॉलिश पेपरने घासली, पाना मारून आवळली. खर्च, पॉलिश पेपरचा एक तुकडा.

आता इंजिन झपाट्याने फिरू लागले, पण पेट घेईना. चोक ओढायला सांगितला. दांडी बाहेर आली, पण कार्बुरेटरच्या तोंडावरची झडप मिटलीच नाही! चोकची वायर आत निसटली होती. गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून हवा कमी करून पेट्रोल जास्त द्यावे लागते. तेच चोकचे काम. वायर अडकवली आणि तिसऱ्या सेल्फला गाडी धडधडली.

जाता जाता दोन गोष्टी सांगतो. सेल्फ दहा सेकंदांहून जास्त दाबू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. पेट्रोलचा वास आला तर ओव्हरफ्लो झाले समजा. चोक आत ढकला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. बॅटरीजवळ बिडी पेटवू नका. आणि बंद शेडमध्ये गाडी गरम करत ठेवू नका. त्या धुरातला विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही, आणि मुले जवळच झोपलेली असतात.

वहिनींनी चहा आणला. व्हॅनकडे पाहून नवऱ्याला म्हणाल्या, "वायर तर भाऊंनी घासली. मग त्या लिंबानं काय केलं?"

त्याने मुकाट्याने दोरा तोडला. बॅटरीचे चार हप्ते अजून बाकी आहेत.