संचिताची चित्रे

आमच्या खारघरच्या सोसायटीत एका गणेशोत्सवात आराशीचा विषय 'कर्म' असा ठरला. ठरला म्हणजे काय, तर तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीने संगणकावर काढलेली नऊ चित्रे तयारच होती आणि समितीला आरास स्वस्तात हवी होती. मुलगी गुणी आहे. डिजिटल चित्रकलेवरच तिचा चरितार्थ चालतो, आणि रेषेवरची तिची हुकमत मला मनापासून आवडते. "काका, प्रत्येक चित्राखाली चार ओळी लिहून द्या ना," असे तिने म्हटले आणि लिहिण्याची खोड असणारी माणसे जशी फसतात तसा मी फसलो.

चित्रे फ्लेक्सवर छापून मंडपाच्या दोन्ही बाजूंना लागली. झळाळते चक्र, चिखलातले कमळ, आकाशात अधांतरी लटकलेला तराजू, ओंजळीतून सांडणारे आणि सांडता सांडता नक्षत्रे होणारे बियाणे. सहावे चित्र मात्र वेगळे होते. खाटेवर एक खंगलेला, केस गेलेला पुरुष बसला आहे. त्याच्या पाठीतून एक काळा धागा निघून मागच्या अंधारात जातो आणि तिथे त्याच चेहऱ्याचा एक धडधाकट तरुण एका मुक्या जनावरावर चाबूक उगारून उभा आहे. त्या बोडक्या मस्तकावर पडलेला प्रकाश तिने असा काही साधला होता की मी पाच मिनिटे तिथून हललो नाही.

टाटा मेमोरियल सेंटरचे 'अ‍ॅक्ट्रेक' हे कर्करोग संशोधन व उपचार केंद्र आमच्या खारघरात सेक्टर २२ मध्ये आहे. उपचारांसाठी लांबून आलेली कुटुंबे आसपास खोल्या भाड्याने घेऊन राहतात. आमच्याही तळमजल्यावर एक बिऱ्हाड होते. तिसऱ्या दिवशी आरती झाल्यावर त्या घरातली बाई प्रसादाची वाटी हातात धरून सहाव्या चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली. शेजारी मी होतो. माझ्याकडे न बघताच तिने विचारले, "दादा, आमच्या यांनी काय केलं असंल हो?"

मी काहीतरी पुटपुटलो. "अहो, चित्र आहे ते," अशासारखे. तिने मान हलवली आणि ती गेली. त्या चार ओळी नंतर माझ्याकडून लिहून झाल्या नाहीत. प्रस्तुत लेख त्यांच्या जागी आहे असे समजावे.

पापाची शिक्षा चित्रात दाखवणे आपल्याकडे नवे नाही. यमपुरीतल्या यातनांची छापील चित्रे एकेकाळी बाजारात सर्रास मिळत: करवतीने चिरला जाणारा लबाड, उकळत्या तेलातला कृतघ्न. बटबटीत आणि आज पाहिली तर काहीशी विनोदी वाटणारी. पण त्यांच्यात एक सरळपणा होता. त्यांचा प्रवास कृतीकडून फळाकडे होता, आणि ते फळ मेल्यानंतर, यमाच्या दरबारात, पाहणाऱ्याच्या कल्पनेतच भोगायचे होते. त्या चित्राकडे बोट दाखवून कुणी शेजारच्या आजाऱ्याला ओळखू शकत नव्हते. आमच्या मंडपातल्या चित्राने हा क्रम उलटा केला. ते फळापासून निघते, म्हणजे आज, इथे, श्वास घेत असलेल्या माणसाच्या दुखण्यापासून; आणि मागे जाऊन त्याच्यासाठी एक पाप शोधून काढते. त्यापुढे उभे राहणाऱ्याला मग दुसरा प्रश्न सुचणारच नाही.

दुसरा फरक याहून महत्त्वाचा वाटतो. कर्म ही काळात घडणारी गोष्ट आहे आणि चित्र हे क्षणात दिसणारे. ही अडचण जुन्यांना पक्की ठाऊक होती. अजिंठ्याच्या १७व्या लेण्याच्या ओसरीत डावीकडे भवचक्र रंगवलेले आहे, पाचव्या शतकातले. आज ते पुष्कळसे झडले आहे. इंग्रजी अमदानीतल्या पाहणाऱ्यांनी ते राशिचक्र समजून त्या लेण्यालाच तसे नाव देऊन टाकले होते. या चुकीला हसू नये, कारण चित्र एकटे पडले की असेच होते. असे चक्र विहाराच्या प्रवेशाशी काढावे, हे सांगणारा बौद्ध विनयग्रंथ पुढे आणखी एक गोष्ट सांगतो: येणाऱ्याजाणाऱ्याला ते समजावून देण्यासाठी तिथे एक भिक्षू नेमावा. चित्राबरोबर माणूस, ही त्यातली अट आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथीही हेच करत आले. ठाकर समाजातले हे कलावंत पोथीतले एकेक चित्र समोर धरतात आणि गात, सांगत कथा पुढे नेतात. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा वर्तमानपत्रांनी चित्रांचे फोटो छापले; पण ते चित्र निम्मेच आहे, उरलेले निम्मे सांगणाऱ्याच्या गळ्यात असते. समोरची बाई रडू लागली तर सांगणारा थांबू शकतो, कथेला वळण देऊ शकतो. फ्लेक्सला ते जमत नाही.

आणि मोक्षपट. आपल्या सापशिडीचा हा पूर्वज, मराठी परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडलेला. प्रत्यक्ष उपलब्ध असलेले ज्ञानचौपडीचे पट बरेच अलीकडचे आहेत, आणि पश्चिम भारतातल्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या अशा पटांवर याकोब श्मिट-मॅडसेन या डॅनिश अभ्यासकाने २०१९ मध्ये कोपनहेगन विद्यापीठात प्रबंध सादर केला. पटावरच्या घरांना सद्गुणांची, दुर्गुणांची, लोकांची नावे असतात. शिडीने चढायचे, सापाने गिळले की खाली यायचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला आणि तिथे मुलांच्या खोड्यांपुरता उरला. माझ्या मते कर्माची याहून चांगली चित्रमय मांडणी आपल्याकडे झालेली नाही, कारण इथे पाहणारा बाहेर नसतो. सोंगटी म्हणजे तुम्ही. मत्सराच्या घरातला साप तुम्हाला गिळतो, शेजारच्या आजाऱ्याला नव्हे; आणि खाली आलात तरी पुढचे दान तुमच्याच हातात असते. (कवड्यांचे दान हे कर्म की निव्वळ दैव, असा प्रश्न कुणी विचारील. विचारावा. खेळताना लोक तो वाद घालतच असणार, आणि तोही खेळाचाच भाग आहे.)

आता संगणकाकडे येऊ. शब्द टाइप केला की चित्र काढून देणारी यंत्रे गेल्या काही वर्षांत सर्वांच्या हाती आली. मी रोमन लिपीत 'कर्म' हा शब्द देऊन पाहिला. चक्र, कमळ, तराजू, पद्मासनातला योगी. एकदा तर ओळीने कोसळणाऱ्या डॉमिनोच्या सोंगट्या. ही यंत्रे कोट्यवधी चित्रे आणि त्यांच्या मथळ्यांवर पोसलेली असतात, आणि त्या मथळ्यांत इंग्रजीचे प्राबल्य आहे. इंग्रजीत हा शब्द रुळायला थिऑसॉफीवाल्यांचा मोठा हातभार लागला (त्यांचे मुख्यालय १८७९ पासून तीनेक वर्षे मुंबईतच होते), आणि आज तिथे त्याचा अर्थ बहुशः 'जिरली' एवढाच उरला आहे. आमच्या कलावंत मुलीने हे यंत्र वापरले नव्हते, सगळे स्वतः रेखाटले होते. तरीही तिचे चक्र, तिचे कमळ, तिचा तराजू हुबेहूब यंत्राचाच निघावा, याचे मला अधिक वाईट वाटले.

कारण मराठीत कर्माचे एक जिवंत दृश्य आहे आणि ते आपण रोज पाहतो. दूध उतू गेले, लोकल चुकली, मुलाने पुन्हा नोकरी सोडली की आपली आई कपाळावर हात मारून घेते आणि म्हणते, "कर्म माझं!" तो हात, ते कपाळ. त्या दोन शब्दांत तक्रार असते, थोडा विनोद असतो, आणि मुख्य म्हणजे दोष स्वतःकडे घेतलेला असतो. 'कर्म तुझं' असे म्हटले की वाक्याचा सूरच बदलतो, ती शिवी होते. नऊ चित्रांत तो कपाळावरचा हात कुठेही नव्हता.

शास्त्राने कर्माचे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन भाग केले आहेत: साठलेले, त्यातले भोगायला निघालेले, आणि आत्ता हातून घडत असलेले. स्थिर चित्राला प्रारब्ध दाखवणे सोपे पडते. पण संगणक हे मुळात क्रियमाणाचे माध्यम आहे! तो प्रेक्षकाची हालचाल टिपतो, लक्षात ठेवतो, तिचा परिणाम पुढच्या क्षणी समोर आणतो. चित्रगुप्ताची वही आजवर कुणाही चित्रकाराला खरोखर चालवता आली नव्हती. ती आता चालवता येते. आणि आपण तिचा वापर करतो तो फ्लेक्स छापण्यासाठी.

हे करून दाखवणारे काम मुंबईतच झालेले आहे. शिल्पा गुप्ता या सर जे. जे. कला महाविद्यालयातून शिकलेल्या कलावंताची 'शॅडो' ही मालिका. तिच्यातली तिसरी कलाकृती २००७ ची. दालनात शिरलात की समोरच्या पडद्यावर तुमची सावली पडते. मग वरून वस्तू घरंगळत येतात आणि त्या सावलीला चिकटतात. हलून पाहिले तरी सुटत नाहीत. ओझे वाढत जाते, शेजारच्याच्या सावलीत तुमची मिसळते, आणि अखेरीस कोणते ओझे कोणाचे हे कळेनासे होते. कलाकृतीच्या नावात कर्म हा शब्द नाही, चक्र नाही, कमळ नाही. तरी मला ते या विषयावरचे, आपल्या काळातले सर्वांत प्रामाणिक चित्र वाटते. तिथे कुणी दुसऱ्याची सावली पाहून त्याच्या मागच्या जन्माची चौकशी करणार नाही. स्वतःची सांभाळतानाच पुरेवाट होते.

यावर कुणी म्हणेल की चित्रकाराने काय काढावे हे रुग्णाच्या बायकोवरून ठरवायचे का? ठरवू नये. पण पूर्वजन्माच्या पापाचे चित्र आपल्या समाजात कोऱ्या भिंतीवर लागत नाही. चोखोबांच्या नावावरच्या अभंगांत आपला हीन जन्म मागल्या दोषाचे फळ म्हणून स्वीकारलेला आढळतो; त्यांच्याच मुलाचे नाव कर्ममेळा, आणि तो मात्र देवाला उघड जाब विचारतो. एका पिढीत केवढे अंतर! टिळकांनी 'गीतारहस्या'त (१९१५) 'कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य' हे शब्द एकाच प्रकरणाच्या मथळ्यात शेजारी बसवले. आपली चित्रे पहिल्या शब्दापाशीच थांबतात. बाबासाहेबांनी तर 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात (मूळ इंग्रजी, १९५७) पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त स्पष्ट नाकारला. गरिबांच्या आणि खाली ढकललेल्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला व समाजाला झटकता यावी, याखेरीज त्याचा दुसरा हेतू त्यांना दिसत नव्हता.

हे फार लांबचे वाटत असेल तर खारघरचेच उदाहरण घ्या. १६ एप्रिल २०२३ रोजी इथल्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. भर उन्हात छपराविना बसलेल्या लाखोंच्या गर्दीतले १४ जण उष्माघाताने गेले. "त्यांचं आयुष्यच तेवढं होतं," असे त्यानंतरच्या दिवसांत मी आमच्या रिक्षाथांब्यावर ऐकले. सांगणारा माणूस दुष्ट नव्हता, हळहळत होता. पण चौदा जणांचे प्रारब्ध एकाच दुपारी, एकाच मैदानावर कसे काय पिकले, हे त्याला विचारायला हवे होते. सोहळ्याची वेळ, सावली, पाणी ही सारी कुणाकुणाची क्रियमाणेच होती. तो काळा धागा चित्रात काढायचाच असेल, तर तो त्या खुर्च्यांकडे गेला पाहिजे.

विसर्जनानंतर फ्लेक्स उतरवले गेले. मुलगी माझ्या घरी आली, ओळी का दिल्या नाहीत म्हणून जराशी रागावलेली. मी तिला सहाव्या चित्रापुढचा प्रसंग सांगितला. ती पुष्कळ वेळ गप्प बसली. मग तिने विचारले, "त्या मावशींचं नाव काय, काका?"

मला ते ठाऊक नव्हते. चार महिने त्या आमच्या तळमजल्यावर राहत होत्या.