निर्धास्त संघ आणि तिसऱ्याचा न्याय

साखळी स्पर्धेतील अखेरच्या सामन्याला पुष्कळदा एक चमत्कारिक रूप येते. एका संघाचे स्थान आधीच निश्चित झालेले असते. दुसऱ्याचे भवितव्य मात्र त्याच सामन्यावर अवलंबून असते. अशा वेळी निर्धास्त संघाने आपले बिनीचे खेळाडू उतरवावेत, की बाद फेरीसाठी राखून ठेवावेत? रत्नागिरीच्या परिसरात हिवाळ्याच्या रात्री रंगणाऱ्या कबड्डीपासून कोट्यवधींच्या क्रिकेटपर्यंत, जेथे जेथे साखळी पद्धत आहे तेथे तेथे हा पेच उभा राहतो.

३ नोव्हेंबर २०२० रोजी शारजा येथे तो ठळकपणे दिसला. आयपीएलच्या गुणतक्त्यात मुंबई इंडियन्सचे अग्रस्थान पक्के होते. त्यांनी जसप्रीत बुमराह आणि ट्रेंट बोल्ट या दोन्ही प्रमुख गोलंदाजांना विश्रांती दिली. सनरायझर्स हैदराबादने दीडशे धावांचे लक्ष्य एकही गडी न गमावता गाठले. हैदराबाद हरले असते तर कोलकाता नाइट रायडर्सला बाद फेरीत स्थान मिळाले असते. आता दोघांचे गुण १४ असे समान झाले आणि धावगतीच्या निकषावर कोलकात्याला बाहेर पडावे लागले. दोनच दिवसांनी बुमराहने दिल्लीविरुद्ध १४ धावांत ४ बळी घेतले आणि १० नोव्हेंबरला मुंबईने पाचव्यांदा विजेतेपद मिळवले.

तेव्हा मुंबईचा निर्णय शहाणपणाचा ठरला, असे म्हणता येईल. द्रुतगती गोलंदाजाचे शरीर यंत्र नव्हे, आणि कर्णधाराचे पहिले कर्तव्य आपल्या संघाशी असते. तथापि एका यशाने नियम सिद्ध होत नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये न्यूयॉर्क जायंट्स संघाचे बाद फेरीतील स्थान २००७च्या अखेरीस ठरून गेले होते. तरीही त्यांनी अपराजित न्यू इंग्लंडविरुद्ध आपला मुख्य संघच उतरवला. ते ३८-३५ असे हरले. परंतु फेब्रुवारी २००८मधील अंतिम सामन्यात त्याच प्रतिस्पर्ध्याला त्यांनी १७-१४ असे नमवले. विश्रांती आणि सराव, दोन्ही मार्गांनी विजय मिळू शकतो.

खरा प्रश्न लाभाचा नाही, न्यायाचा आहे. मैदानावर नसलेल्या तिसऱ्या संघाला या निर्णयाची किंमत मोजावी लागते आणि त्याला दाद मागण्याची सोय नसते. विश्रांती देणे आणि सामना सोडून देणे यांत अर्थातच महदंतर आहे. राखीव फळी जिंकण्यासाठीच खेळत असेल तर तिच्या संघाला दोष देता येणार नाही. दोष द्यायचा तर तो अखेरचा सामना एका बाजूने निरर्थक करून ठेवणाऱ्या रचनेला द्यावा लागेल.

रचना बदलता येते. १९८२च्या विश्वचषक फुटबॉलमध्ये पश्चिम जर्मनी व ऑस्ट्रिया यांना दोघांच्याही सोयीचा निकाल आधीच ठाऊक होता. जर्मनीच्या १-० विजयाने दोघेही पुढे गेले आणि आदल्या दिवशी खेळून मोकळा झालेला अल्जीरिया बाहेर पडला. १९८६पासून विश्वचषकात गटातील अखेरचे सामने एकाच वेळी खेळवले जाऊ लागले. एवढ्याने विश्रांतीचा पेच सुटत नाही, हे खरे. प्रत्येक साखळी विजयाला स्वतंत्र पारितोषिक असेल, तर निर्धास्त संघालाही जिंकण्याचे कारण उरेल. कर्णधाराला नीतिपाठ देण्यापेक्षा स्पर्धेच्या आयोजकांनी आपले वेळापत्रक व नियम तपासावेत, हे अधिक उचित होईल.